स्टिकर बनवणारा मुलगा माझा आहे

मधुमालती | सोमवार, रात्री ११.५२

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं मी इथे पाककृतींच्या विभागातच असते, त्यामुळे बऱ्याच जणांना माझं नाव ओळखीचं नसेल. पालकत्वाच्या विभागात पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा शनिवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. माझ्या मुलाच्या क्लासमधल्या एका मुलाचे बाबा बोलत होते. आवाज जराही चढलेला नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "ताई, तुमच्या मुलानं माझ्या मुलाचं स्टिकर बनवलंय. दोन आठवडे झाले, तो क्लासला गेलेला नाही. आम्हाला पोट दुखतंय म्हणून सांगत होता. काल रात्री आईजवळ बोलला."

त्या मुलाला मी इथे 'अ' म्हणते. दोघंही नववीत. अ बोलताना अडखळतो, शब्दाच्या पहिल्या अक्षरावर अडकतो. क्लासच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे, त्यात सर नाहीत, फक्त मुलं, एकूण ४३. भूमितीचं एक उदाहरण कुणालाच सुटत नव्हतं, तर अ ने व्हॉइस नोट करून ते समजावून सांगितलं. त्यात 'त्रिकोण' म्हणताना 'त्रि'वर तो तीन-चार सेकंद अडकला. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला ढोलकीचा ठेका जोडला. आणि माझ्या मुलानं गॅदरिंगच्या फोटोतून अ चा चेहरा कापून त्यावर व्हिडिओ अडकल्यावर फिरतं ना, ते चाक लावलं आणि खाली लिहिलं 'बफरिंग'.

शनिवारी रात्री मुलाचा फोन घेऊन मी तो ग्रुप मागे मागे वाचत गेले. पहाटेचे तीन वाजले. सरांना उशीर झाला, बफरिंग. पाऊस थांबेना, बफरिंग. एके रात्री अ नेच विचारलं होतं, 'उद्या क्लास आहे का', आणि त्याखाली अकरा जणांनी एकामागून एक तेच स्टिकर टाकलं होतं. उत्तर कुणीच दिलं नव्हतं. त्याखाली अ ने हसण्याची इमोजी टाकली होती. स्वतःच. ती पाहिल्यावर मात्र मला रडू आवरलं नाही.

मुलाला उठवून विचारलं. म्हणाला, "आई, तो पण हसत होता ना. सगळेच टाकत होते." हाच मुलगा दर रविवारी न सांगता आजीच्या गोळ्यांची डबी भरून ठेवतो. माझा अजून विश्वास बसत नाहीये.

ह्यांनी त्याच्या एक ठेवून दिली आणि फोन कपाटात टाकला. आता पुढे काय करू? त्याला घेऊन अ च्या घरी माफी मागायला जाऊ का? सरांना सांगू? अ चे बाबा पोलिसांचं काही बोलले नाहीत, पण उद्या बोलले तर? आईचं चुकलं, संस्कार कमी पडले, हे मी स्वतःला हजारदा सांगून झालंय. कृपया काय करायचं ते सांगा.

डोंगरयात्री | मंगळवार, सकाळी ७.१०

मधुमालतीताई, मन मोठं करून लिहिलंत. पण थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आमच्या वेळी वर्गात ज्याला टोपणनाव नाही असा एक पोरगा नव्हता. मला दहावीपर्यंत 'ढोल्या' म्हणत. दोन-चार मारामाऱ्या झाल्या, मग मित्रही झालो. तुमच्या मुलाला समज द्या, माफी मागायला लावा, विषय संपवा. आणि त्या मुलालाही घरच्यांनी थोडं खंबीर करावं, जगात पुढे कुणी गोंजारणार नाही.

निशिगंध | मंगळवार, सकाळी ९.३५

मी पुण्यात गेली चौदा वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. दादा, तुमचा मुद्दा पालकसभेत दर वेळी कुणीतरी मांडतंच आणि मनापासूनच मांडतं, म्हणून आधी त्यावर बोलते.

तुम्हाला 'ढोल्या' म्हणणारी पोरं संध्याकाळी आपापल्या घरी जायची. तुमचं घर तुमचं असायचं. अ ला ती अकरा स्टिकरं रात्री अंथरुणात असताना आली. आणि तुमचे दोन-चार मारामाऱ्यांत हिशेब फिटले, कारण समोर दोन-चारच जण होते. इथे ४२ आहेत. डॅन ओल्व्हेअस नावाच्या संशोधकानं १९७० च्या दशकापासून स्कँडिनेव्हियातल्या शाळांत या विषयाचा अभ्यास केला. चिडवणं आणि छळ यांत फरक करताना तो तीन गोष्टी बघायचा: दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि ताकद एकाच बाजूला असणं. फोनवर दुसरी गोष्ट फसवी होते. मधुमालतीताईंच्या मुलानं स्टिकर एकदाच बनवलं, पण घडलं ते शेकडो वेळा. म्हणून त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपण एकदाच गंमत केली.

आता ताई, तुमच्यासाठी. अ नं टाकलेली ती हसण्याची इमोजी. माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलानं कधी ना कधी हेच केलेलं असतं. आपण हसलो नाही तर 'याला झोंबलं' असं होतं आणि मग आणखी येतं. मुलं जीव वाचवायला हसतात. तुमच्या लेकाला हे एवढं एकच कळलं तरी खूप आहे.

फोन काही दिवस तुमच्याकडे राहिला तर बिघडत नाही. पण थोबाडीत बसल्यानं त्याला एवढंच कळतं की सापडलो की मार बसतो. त्याला तो ग्रुप तुमच्या शेजारी बसून पहिल्यापासून वाचायला लावा. ओरडू नका. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, हे वाचलं तेव्हा अ कुठे असेल, काय करत असेल?

माफीसाठी अचानक त्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका, ही माझी कळकळीची विनंती. मोठी माणसं दोन मुलांना समोरासमोर बसवतात, 'द्या टाळी' म्हणतात आणि आपलं ओझं उतरलं असं समजतात. ज्याला त्रास झाला तो तिथे 'ठीक आहे' म्हणतो, कारण चार मोठ्या माणसांसमोर दुसरं काही म्हणायची सोयच नसते. आधी त्याच्या बाबांना विचारा, आणि त्यांना सांगा की अ ला विचारा, त्याला काय हवंय. भेट नको असेल तर भेट नाही.

आणखी एक. तुम्ही ४३ म्हणालात. त्यात किती जणांनी स्टिकर टाकलं, किती जण हसले, किती जण गप्प होते, हे मोजलंत का? सहज विचारत नाहीये.

मधुमालती | मंगळवार, दुपारी २.२०

मोजलं होतं, त्या रात्रीच. दोघांनी बनवलं, एकानं गाणं आणि माझ्या मुलानं स्टिकर. सतत टाकणारे नऊ. अधूनमधून टाकणारे आणि हसणारे तेरा. एक मुलगी मध्येच ग्रुप सोडून गेली, न बोलता. उरलेल्या सतरा जणांनी काहीच केलेलं नाही, फक्त पाहिलंय.

निशिगंध | मंगळवार, दुपारी ३.०५

हेच. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली वर्गातल्या या भूमिका मांडल्या. छळणारा असतो, त्याचा हात धरणारे असतात, हसून चढवणारे असतात, बाजूला राहणारे असतात आणि क्वचित कुणी त्रास होणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणारं असतं. त्यावरून पुढे 'कीवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून फिनलंडच्या शाळांत पसरला. त्याचा मुख्य भर बघ्यांवर आहे. छळणाऱ्याला उपदेश करून फार काही बदलत नाही, त्याचे प्रेक्षक उठून गेले तर बदलतं.

तुमच्या मुलाला ते स्टिकर पुन्हा पुन्हा टाकावंसं का वाटलं? त्या तेरांच्या हसण्यामुळे. आणि अ नं क्लास का सोडला? मला वाटतं, त्या सतरांच्या गप्प बसण्यामुळे. नऊ जण वाईट आहेत हे मूल सोसून नेतं. सगळेच तसं समजतात असं वाटलं की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. त्या सतरांतल्या प्रत्येकाला मनातून ते आवडलं नसेलही, पण अ ला ते कसं कळणार?

रेवा१९ | मंगळवार, रात्री १०.४०

मी एकोणीस वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळे माझ्या आईबाबांच्या वयाचे आहात. तरी लिहिते.

अकरावीत असताना इन्स्टाग्रामवर आमच्या कॉलेजच्या नावानं एक कन्फेशन पेज होतं. कोण चालवतं कुणालाच माहीत नाही. कुणीही निनावी पाठवायचं, ते छापायचे. माझ्याबद्दल एक पोस्ट आली, एका सरांवरून. नाव नव्हतं, पण 'लाल स्कूटी, तिसरा बाक' एवढं पुरे होतं. एका रात्रीत दीडशे कमेंटी. मी त्या प्रत्येक कमेंटखालचं नाव वाचलं, त्यांतली कितीतरी पोरं सकाळी मला 'हाय' म्हणायची.

घरी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. सांगितलं की फोन जाणार आणि कॉलेजही बंद होऊ शकतं हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या मामेबहिणीचं तसंच झालं होतं. त्रास कुणी दुसऱ्यानं दिला आणि घरात कोंडली गेली ती. काका-काकूंनो, एवढंच सांगायचंय, मूल सांगायला आलं तर पहिलं वाक्य 'दे इकडे फोन' नसू दे.

मला वाचवलं ते वर्गातल्या एका मुलीनं, जिच्याशी मी तोवर धड बोललेही नव्हते. तिनं रात्री साडेबाराला मेसेज केला, 'वाचलं. खोटं आहे ते मला माहितीये. उद्या माझ्याजवळ बस.' तिनं पेजवर कुणाशी भांडण केलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बाकावर माझ्यासाठी जागा धरली. निशिगंधताई म्हणतात त्या बाजूनं उभं राहणाऱ्यांत ती होती. ती मुलगी ग्रुप सोडून गेली ना, मधुमालतीकाकू, तिला कुणीतरी सांगा की नुसतं निघून जाण्याऐवजी अ ला एक ओळ लिही.

कायदेभान | बुधवार, सकाळी ११.१५

वकिली करते, बालहक्कांची कामं जास्त. पोलिसांबद्दल विचारलंत म्हणून सविस्तर.

ऑनलाइन छळ असा वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. लोक अजून '६६अ लावा' म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्यामुळे काय घडलं त्याप्रमाणे कलम शोधावं लागतं. कुणाच्या नावानं खोटं खातं काढलं तर ६६क आणि ६६ड. खासगी अवयवांचं चित्र परवानगीशिवाय घेतलं किंवा पसरवलं तर ६६ई. धमकी दिली, मुलीचा ऑनलाइन पाठलाग केला तर भारतीय न्याय संहिता. तुमच्या प्रकरणातलं स्टिकर अश्लील नाही, त्यात धमकी नाही. कायद्याच्या भाषेत ते हलकं बसेल. त्या मुलाला झालेला त्रास मात्र त्यानं हलका होत नाही, हे मला इथे लिहून ठेवायचंय.

पण पालकांनी आणि मुलांनी एक गोष्ट आजच समजून घ्या. वर्गातल्या मुलीचा उघडा फोटो, खरा असो की चेहरा चिकटवून बनवलेला, पुढे पाठवणारा मुलगा पंधराचा असला तरी तो ६७ब आणि पॉक्सोच्या कक्षेत जातो. 'मला आला, मी फक्त फॉरवर्ड केला' हा बचाव नाही. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत पोरांनी हेच वाक्य म्हटलंय, आणि त्यांना खरंच वाटत होतं की पहिला पाठवणारा तेवढा दोषी.

आरोपी अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, नाव-ओळख उघड करता येत नाही. तिथे बहुतांश वेळा भर समुपदेशनावर असतो. पालकांनी घाबरून पुरावे पुसायला मात्र जाऊ नये. मधुमालती, तुमच्या मुलाच्या फोनवरून ते संभाषण आत्ताच उडवू नका. आधी अ च्या बाबांना विचारा, त्यांना ते जपून ठेवायचंय का. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट आणि पूर्ण संभाषण एक्सपोर्ट करून त्यांना द्या. हे तुमच्याकडून आलं तर त्याचा अर्थ फार वेगळा असेल.

ज्यांना खरंच तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे राष्ट्रीय पोर्टल २०१९ पासून आहे, महिला आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन. मुलाच्या नग्न फोटोचा प्रश्न असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो ओळखून काढतात. २०२१ च्या नियमांनी अशा फोटोंसाठी आणि तोतया खात्यांसाठी कंपन्यांना तक्रारीपासून २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली. आधी पुरावा ठेवा, मग रिपोर्ट करा. उलटं केलं की हातात काही उरत नाही.

गुरुजी_माणदेश | बुधवार, रात्री ९.००

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक आहे. एक कबुली द्यायची आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आम्ही शिक्षकांनीच मुलांना फोन घ्यायला लावले. शेळी विकून फोन घेतलेली घरं मला माहीत आहेत. अभ्यासाचे ग्रुप आम्हीच काढले. शाळा सुरू झाल्या, आम्ही ग्रुपमधून बाहेर पडलो, मुलं तिथेच राहिली. त्यांना फोन कसा वापरायचा हे शिकवलं, ग्रुपमध्ये कसं वागायचं हे कुणी शिकवलं नाही.

आमच्याकडे तक्रारपेटी आहे. वर्षभर रिकामी निघायची आणि आम्ही समजायचो, शाळेत सगळं छान चाललंय. ती पेटी मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर होती, चिठ्ठी टाकणारा सगळ्या व्हरांड्याला दिसायचा. एका मुलीनं हे लक्षात आणून दिलं. पेटी ग्रंथालयात पुस्तकं परत करायच्या खिडकीशेजारी हलवली. पहिल्याच महिन्यात नऊ चिठ्ठ्या, त्यांतल्या पाच फोनवरच्या गोष्टींच्या. आता चिठ्ठी आली की सखी सावित्री समितीत, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या शाळेच्या समितीत, ठेवतो. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं ती प्रत्येक शाळेत असायला हवी. तुमच्या शाळेत आहे का, पालकांनी विचारा. विचारणारे पालक असले की समिती कागदावरून खाली उतरते.

ग्रुपबद्दल एक छोटी गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो. बहुतेक पोरांना हे माहीत नसतं, किंवा माहीत असून अंगावर घ्यायचं नसतं. आम्ही प्रत्येक वर्गाच्या ग्रुपला दोन अ‍ॅडमिन ठेवतो, एक मुलगा, एक मुलगी, दर महिन्याला बदलून. आपली पाळी येणार आहे म्हटल्यावर मुलं जबाबदारीनं वागतात.

यारा_काठची | गुरुवार, पहाटे ४.३०

मेलबर्नहून. आमच्याकडे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. नियम मोडला तर दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. भारतातून नातेवाईक विचारतात, आता सुटलात ना? पण व्हॉट्सअ‍ॅपसारखी निरोपाची अ‍ॅप त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे अ सोबत झालं ते इथेही जसंच्या तसं होऊ शकतं.

मला जास्त उपयोगी वाटतं ते इथलं ई-सेफ्टी आयुक्तांचं कार्यालय. मुलाच्या छळाची तक्रार आधी त्या कंपनीकडे करायची, ४८ तासांत काढलं नाही तर या कार्यालयाकडे. ते मजकूर काढायला लावू शकतात. माझ्या लेकीच्या मैत्रिणीसाठी तिच्या आईनं तक्रार केली तेव्हा फोनवर एका माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ती म्हणाली, अर्धं ओझं तिथेच उतरलं.

अडखळणारा | गुरुवार, सकाळी ८.२०

तीन दिवस धागा वाचतोय, लिहू की नको करत होतो. मी स्वतः अडखळतो. वय बेचाळीस, बँकेत आहे, रोज काउंटरवर बोलतो.

डोंगरयात्री यांना आदरानं सांगतो, 'खंबीर करा' म्हणजे काय करायचं असतं ते मला लहानपणी कुणीच समजावून सांगितलं नाही. मला म्हणायचे, 'सावकाश बोल', 'श्वास घे', आणि माझं वाक्य स्वतःच पूर्ण करायचे. अडखळणं घाबरटपणातून येत नाही. ते बुद्धीशी निगडित नाही. शंभरात साधारण एक जण अडखळतो, म्हणजे प्रत्येक मोठ्या शाळेत पाच-दहा मुलं असतातच. घाबरलं की ते वाढतं, एवढं खरं. म्हणून हसणाऱ्या वर्गात मूल जास्त अडकतं, मग वर्ग जास्त हसतो.

मला त्या मुलाबद्दल एकच गोष्ट सारखी आठवतेय. त्यानं व्हॉइस नोट पाठवली. टाइप करता आलं असतं. नववीतला अडखळणारा मुलगा ग्रुपवर बेचाळीस जणांसमोर स्वतःच्या आवाजात भूमिती समजावतो, हे केवढं धाडस आहे! मी त्याच्या वयात हजेरीला 'उपस्थित' म्हणता येईना म्हणून नुसता हात वर करायचो. त्याच्या बाबांना सांगता आलं तर सांगा, 'तिसा' नावाची अडखळणाऱ्यांची स्वमदत संघटना आहे, द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत वाचा-उपचार मिळतात. पण हे त्याला हवं असेल तर. पोरं हसू नयेत म्हणून त्यानं सुधारायचं, असं होऊ नये.

डोंगरयात्री | गुरुवार, दुपारी १.००

अडखळणारा, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं 'खंबीर करा' मागे घेतो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, एका पायानं लंगडायचा. त्याला जे नाव होतं ते इथे लिहवत नाही. आठवीनंतर तो शाळेत आला नाही. घरची शेती असेल म्हणून सोडली, असं आम्ही धरून चाललो. सकाळपासून तो डोळ्यांसमोर आहे. हसणाऱ्यांत मीही होतो.

निशिगंध | गुरुवार, दुपारी ४.१०

एक राहिलं, आणि ते टाळून चालणार नाही. मूल एकटं पडलं, झोप उडाली, खाणं सुटलं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोललं, तर 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं मुलाच्या डोक्यात तो विचार येत नाही, असला तर बाहेर येतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि मधुमालती, हे तुमच्या मुलावरही लक्ष ठेवून वाचा. अपराधीपणाचं ओझं याही वयात फार जड असतं.

मधुमालती | पुढच्या आठवड्यातला बुधवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काय झालं ते लिहिते.

अ च्या बाबांना फोन केला. माफीआधी विचारलं की त्यांना संभाषण हवंय का. ते बराच वेळ गप्प होते, मग 'हो, पाठवा' म्हणाले. पाठवलं. पोलिसांत जायचं नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. अ ला भेट नको होती. त्याच्या दोन अटी होत्या. ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये स्टिकर सेव्ह आहे त्यांनी ते काढायचं, आणि ते गाणं बनवणाऱ्यानंही काढायचं. बास.

लेकाला शेजारी बसवून सगळा ग्रुप वाचायला लावला. पहिली वीसेक मिनिटं तो 'हो, हो' करत होता. अकरा स्टिकरांपाशी आल्यावर मी विचारलं, अ कुठे असेल तेव्हा? त्यानं वेळ पाहिली. रात्रीचे ११.०७. म्हणाला, "अंथरुणात." पुढे तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

त्यानं ग्रुपवर लिहायचं ठरवलं. पहिल्या खर्ड्यात होतं, 'कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी'. मी एवढंच विचारलं, "असेल तर?" त्यानं पुसलं. पाच वेळा लिहून शेवटी गेलं ते असं: 'अ चं स्टिकर मी बनवलं. ती गंमत नव्हती. ज्यांनी सेव्ह केलंय त्यांनी काढा. मी प्रत्येकाला फोन करणार आहे.' स्टिकर आपण उडवलं तरी दुसऱ्याच्या फोनमध्ये राहतं, हे मला या निमित्तानं कळलं. म्हणून फोन.

४१ फोन. माझ्यासमोर, स्पीकरवर, तीन संध्याकाळी. २९ जणांनी काढलं म्हणून सांगितलं, खरंखोटं बघायला मार्ग नाही. सहा जणांनी उचलला नाही. चौघं म्हणाले, आम्ही हसलोच नव्हतो. गाणं बनवणाऱ्या मुलाच्या आईनं मधूनच फोन घेतला आणि मला दहा मिनिटं ऐकवलं, तिचा मुलगा तसा नाही म्हणून. मी फक्त ऐकलं, कारण शनिवारी रात्री मीही तेच म्हणत होते. उरलेली एक म्हणजे ती ग्रुप सोडून गेलेली मुलगी. लेकानं तिलाही फोन केला, आणि रेवा, तुझं म्हणणं तुझं नाव न घेता सांगितलं. ती म्हणाली, मी त्याला त्याच दिवशी मेसेज केला होता, त्यानं अजून वाचलेला नाही.

क्लासचे सर आधी म्हणाले, मुलांच्या खासगी ग्रुपशी माझा संबंध नाही. ह्यांनी त्यांना विचारलं, पोरगा दोन आठवडे आला नाही तेव्हा तुम्ही एक तरी फोन केलात का? आता सरांनी दोन अ‍ॅडमिनचं मान्य केलंय, गुरुजींच्या पद्धतीनं.

अ सोमवारी क्लासला आला. लेक म्हणतो, शेवटच्या बाकावर बसला, कुणाशी बोलला नाही. आजही आला होता.

आणि कालची गोष्ट. ग्रुपमध्ये नवं स्टिकर आलंय. माझ्या मुलाचा चेहरा, डोक्यामागे तेजोवलय, खाली लिहिलंय 'संत'. आतापर्यंत चौदा वेळा.

निशिगंध | पुढच्या आठवड्यातला बुधवार, रात्री ११.५०

ते तुम्हाला त्यानं स्वतःहून दाखवलं की तुमच्या नजरेस पडलं?

मधुमालती | पुढच्या आठवड्यातला बुधवार, रात्री ११.५८

त्यानंच. मी पोळ्या लाटत होते. फोन ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आई, हे बघ. जप्त करू नकोस, नुसतं बघ."